उसनं नाव

लालानं काल नानची भट्टी पुन्हा पेटवली. तू गेल्यापासून ती विझलेलीच होती. मी दुकानाचं शटर वर करत होते, तेवढ्यात शेजारून धुराचा वास आला आणि सवयीनं मी पडद्याकडं बघून म्हणाले, "ऊठ गं, चहा ठेव, तुझा भाऊ कामाला लागला." पडद्यामागं तुझं मशीन होतं. त्यावर झाकण होतं आणि झाकणावर धूळ बसलेली. पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत मी तशीच स्टुलावर बसून राहिले.

लोक येतात, ब्लाऊजचं माप देतात आणि जाता जाता विचारतात, "ती लालाची बहीण वारली म्हणं?" मी हो म्हणते. एवढी वर्षं दौंडात राहिलीस, अर्ध्या गावाच्या बायकांचे गळे तुझ्या हातच्या टाक्यांनी सजले, आणि मेल्यावरसुद्धा तू लालाची बहीणच. तुझं नाव कुणी विचारत नाही. मीही सांगत नाही.

हे मी तुला लिहितेय, कारण तोंडावर बोलायचं ते बोलले नाही. मला लाज वाटते. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं गोड गोड आठवणी लिहून मी ती झाकायला लागले तर तू मला अडवशील. माझी शिलाई वाकडी गेली की तू काही न बोलता कापडावर त्या जागी बोट ठेवायचीस. तसंच आताही ठेव.

लाला पहिल्यांदा दुकानाच्या दारात आला ते आठवतं. पुण्यात शिकायला आलेला अफगाण पोरगा, शिक्षण संपलं, तिकडं सरकार पालटलं, मग कसंबसं तुला कंदाहारहून आणलं. पुण्याचं भाडं झेपेना म्हणून दौंडात आला आणि माझ्या शेजारच्या गाळ्यात लांब लांब नान भाजायला लागला. एवढा उंच माणूस, पण नजर माझ्या उंबऱ्यावर खिळलेली. म्हणाला, "बहनजी, घर में एक माणूस हाय. शिवणकाम चांगला करतो. काम भेटंल का?" मला वाटलं, धाकटा भाऊ असेल. म्हटलं, पाठवा. सकाळी तू आलीस. मी म्हटलं, "माणूस कुठाय?" तू म्हणालीस, "मैं ही हूँ." मी पोट धरून हसले. तू हसली नाहीस. मग सांगितलंस, तुमच्याकडं पुरुष घरातल्या बाईचं नाव बाहेर घेत नाहीत. बहिणीचं नाव चार परक्या पुरुषांच्या कानावर गेलं तर भावाची मान खाली जाते. लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा नवरीचं नाव नसतं, बापाचं असतं.

मी तेव्हा काय काय बोलले. कसले मागासलेले लोक तुम्ही, बाईला नाव नाही म्हणजे काय, आमच्याकडं असलं काही चालत नाही. तू धागा ओवत ऐकून घेतलंस. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, पिकोचं मशीन धडधडत असताना, तू माझ्या कानाशी येऊन तुझं नाव सांगितलंस. ते नाव मी फक्त दुकानात, फक्त मशीन चालू असताना घ्यायचे. बाहेर गेलं की 'अगं' आणि 'ए बाई'. मागासलेले तुम्ही आणि पुढारलेली मी.

ह्या वादात तू मला कधी हरवलंस ते सांगते. न्हावऱ्याला आमच्या घरी तुला जेवायला नेलं होतं. आई तव्यावरनं भाकरी काढत होती. आबा गोठ्यात होते. तू मोडक्या मराठीत आईला विचारलंस, "आबांचं नाव काय हाय?" आईनं पदर तोंडाला लावला. "अगं बया. तसं नाव घेत न्हाईत. वैशे, तू सांग हिला." आईनं जन्मात आबांचं नाव घेतलं असेल ते हळदीकुंकवाला उखाण्यात, आणि आबांनी आईला जन्मभर 'ऐकलं का' अशीच हाक मारली. तू भाकरीचा तुकडा हातात धरून माझ्याकडं नुसतं बघितलंस. चौफुल्यावर एसटी बदलेपर्यंत तू दम धरलास आणि मग खिडकीत तोंड घालून जी हसत सुटलीस, की कंडक्टरनं विचारलं, पाहुणीला काय झालं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही म्हण मी तुला त्याच दिवशी शिकवली. ती तू पुढं माझ्यावरच वापरलीस.

आणि नजीब. त्याची आठवण काढली की अजूनही हसू येतं आणि लगेच गिळावं लागतं. पुण्याचा पोरगा, तुमच्यातलाच, दर रविवारी गाडीनं नान घ्यायला दौंडला यायचा. नान पुण्यातही मिळत असणार. येताना एक जाकीट घेऊन यायचा, कुठं खिसा उसवलेला, कुठं अस्तर सुटलेलं. ते मी हातात घ्यायचे आणि पडद्याआड तुला द्यायचे. पहिल्याच वेळी तू शिवण उलटून बघितलीस आणि म्हणालीस, "हे फाटलं न्हाई. हे ब्लेडनं कापलंय." तरी टाके घातलेस, एवढे बारीक की मला चष्मा लावावा लागला. पुढच्या रविवारी त्याच जाकिटाचा दुसरा खिसा. पोरगा स्वतःचे कपडे उसवून उसवून प्रेम करत होता आणि तू ते शिवून शिवून. तुम्ही दोघं एकमेकांशी किती शब्द बोललात? मला वाटतं, 'सलाम' सोडून काही नाही.

मग त्याची आई रीतसर आली. तिला तुम्ही खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा. तुमची रीत मला तेव्हा कळली. मुलीकडच्यांनी मिठाईचं ताट सजवून मुलाकडच्यांच्या हातात दिलं, की तो होकार. मी म्हटलं, आमचा साखरपुडा तरी दुसरं काय असतो. लालानं साखर लावलेल्या बदामांचं ताट दिलं, वर तू भरलेला रुमाल. शब्द दिला गेला. आणि तू नजीबसाठी पांढरा शर्ट भरायला घेतलास. पांढऱ्या कापडावर पांढऱ्या रेशमानं, कापडाचे धागे मोजून मोजून. नवरी होणारीनं नवऱ्यासाठी असा शर्ट भरायचा असतो, म्हणालीस. डोळे फुटतील म्हटलं तर म्हणालीस, "फुटू दे. नंतर त्याला बघायला एक पुरंल."

खोकला त्याच सुमारास सुरू झाला. आधी आपण कापडाच्या तुसाला दोष दिला, मग भट्टीच्या धुराला. मग एक दिवस तू पांढऱ्या चिंधीत थुंकलीस आणि चिंधी मुठीत दाबलीस. मी मूठ उघडायला लावली.

दौंडात दाखवायचं नाही, असं लालानं ठरवलं. इथं सगळे ओळखतात, पुण्यात कळेल, ताट दिलेलं आहे. म्हणून शिरूर. तिघं गेलो. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. कंपाउंडरनं मान वर न करता विचारलं, "पेशंटचं नाव?" लालानं मान खाली घातली. समोर फरशी होती, तो फरशी बघत राहिला. "अवो, नाव सांगा पेशंटचं." बाकड्यावर सगळे पुरुष बसलेले. लालाच्या कपाळावर घाम आला. मागून एक म्हातारा म्हणाला, "सांगा की पावनं, लाईन हाय मागं." माझा स्वभाव तुला माहीत आहे. मला ते बघवेना, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा रागही आला. मी पुढं झाले आणि म्हणाले, "वैशाली." कंपाउंडर म्हणाला, "गाव?" मी म्हटलं, "न्हावरे." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तू मागून माझ्या दंडाला चिमटा काढलास.

तर अशी तू वैशाली झालीस. आतून हाक आली की आधी मीच उठायचे आणि तू माझा पदर ओढून मला बसवायचीस. डॉक्टरांनी टीबी सांगितला. सहा महिने गोळ्या, एकही दिवस चुकवायचा नाही, मध्येच सोडल्या तर आजार मुरेल आणि मग ह्या गोळ्यांना दाद देणार नाही. गोळ्या नियमित चालू असल्या की काही आठवड्यांनी दुसऱ्याला लागण व्हायची भीती फारशी राहत नाही, हेही त्यांनी नीट समजावलं. माझ्यासमोर सांगितलं. मी ऐकलं. हे लिहून ठेवते, कारण पुढं मी ते ऐकलंच नाही असं वागले.

ते दिवस चांगले होते, नाही? येताना एसटीत तू मला 'झाली का गं वैशाली बरी?' म्हणून विचारायचीस आणि मी 'बरी हाय बया, भूक लागती' म्हणायचे. तू खरंच जेवायला लागली होतीस. लालाच्या नानबरोबर माझ्या आईचा झुणका. तू वेगळा कप आणलास, तो मी मोरीत ठेवून दिला आणि तुला माझ्याच कपातला चहा दिला. तेव्हा मी कुणीतरी चांगली बाई होते.

मग आरोग्य खात्याची आशाताई आली. तिची काही चूक नाही, ती तिचं काम करत होती. टीबीचा पेशंट म्हटल्यावर घरी येऊन विचारपूस करायची असते. ती न्हावऱ्याला आमच्या दारात उभी राहिली आणि आईला म्हणाली, "वैशालीताई हायेत का? गोळ्या नीट घेत्यात ना?" संध्याकाळी डेअरीवर दूध घालायच्या आत गावभर झालं. आणि पाटसची मंडळी मला नुकतीच बघून गेलेली. मुलगा कारखान्यात कामाला, घरचा ऊस, माणसं बरी. त्यांनी पसंती कळवली होती आणि मी, दुकान चालवणारी, चार बायकांना शहाणपण शिकवणारी मी, त्या पसंतीनं हुरळून गेले होते. तुला नाही का सांगितलं, ते लोक लग्नात माझं नाव बदलणार आहेत, तांदळाच्या ताटात अंगठीनं 'वैष्णवी' लिहिणार आहेत. तू म्हणालीस, "म्हंजी तुमच्यात नाव काढून घेत्यात आन् आमच्यात लपवत्यात." मी म्हटलं, तुला कौतुक कळत नाही.

पाटसहून फोन आला, पोरगी खोकते म्हणं. आईनं काही ऐकून घेतलं नाही. रविवारी मुलाच्या आईला, त्या पाटसच्या बाईंनाच, घेऊन ती दुकानात आली. न सांगता. आणि त्याच वेळी खाला आत बसलेली, तुझ्या लग्नाच्या कपड्याचं माप चाललेलं, हिरवं रेशमी कापड तिच्या मांडीवर.

"वैशे," आई म्हणाली, "तुझ्या तोंडानं सांग ह्यांना. तुला काय झालंय का?"

"मला काही झालेलं नाही."

"मंग दवाखान्यात नाव कुणाचं हाय?" पाटसच्या बाई म्हणाल्या. बोलणं कडक नव्हतं, काळजीचं होतं. "आशा काय उगीच दारात येती का, पोरी?"

मी खालाकडं बघितलं. तिला मराठी कळत नव्हती. मी तुझ्याकडं बघितलं. नाव सांगितलं तर तू बुडतेस, नाही सांगितलं तर मी. तेवढा वेळ मी काय करत होते, सांगू? खोटं शोधत नव्हते. दवाखान्यात घोटाळा झाला, नावात नाव मिसळलं, असं काहीही म्हणता आलं असतं. मला गिऱ्हाइकाला उद्या देते म्हणून महिनाभर फिरवता येतं, मला खोटं सुचत नाही असं नाही. मी वाट बघत होते. तू बोलशील ह्याची वाट बघत होते.

आणि तू बोललीस. सुई कापडात खोचून ठेवलीस, उभी राहिलीस आणि माझ्या आईच्याच मराठीत म्हणालीस, "मला हाय. टीबी मला हाय. वैशालीचं फकस्त नाव हाय. ती निरोगी हाय. तिला काय म्हंजी काय न्हाई." मग खालाकडं वळून तेच तुमच्या भाषेत सांगितलंस. तिनं विचारलंही नव्हतं. 'टीबी' शब्द तिला आधीच कळला असणार, पण तू तिला अंदाजावर ठेवलं नाहीस.

पाटसच्या बाईंनी माझ्या गालावरून हात फिरवला. "पोरगी तब्येतीनं बरी हाय," आईला म्हणाल्या. मला सुटल्यासारखं वाटलं. खरंच वाटलं. तू तिथं उभी होतीस, खाला हिरव्या कापडाची घडी घालत होती, आणि मला हलकं हलकं वाटत होतं. त्या हलकेपणाची मला आज जेवढी लाज वाटते तेवढी दुसऱ्या कशाची वाटत नाही.

खालानं ताट परत केलं नाही. ती म्हणाली, थंडी जाऊ दे. थंडीत पोरगी खोकली नाही तर लग्न करू. हे तिनं चांगुलपणानंच केलं असेल, पण त्यानं लालाचं डोकं फिरलं. आता त्याला तू बरी आहेस हे दाखवायचं होतं. बऱ्या माणसाला डॉक्टर कशाला, गोळ्या कशाला? पुण्यातल्या कुणी बघितलं तर? त्यानं तुला मध चाटवला, बदाम खायला घातले, भट्टीच्या उबेत बसवलं. त्याचा जीव होता तुझ्यावर, ते मी कधी नाकारणार नाही. पण शिरूर बंद.

आणि मी? पाटसच्या बाईंनी निरोप धाडला होता, लग्न होईपर्यंत तिच्याजवळ बसत जाऊ नको म्हणावं. मी तुला म्हटलं, "तू घरीच हातशिलाई कर. दगदग कमी होईल. मी काम पाठवत जाईन." तू मान हलवलीस. दुसऱ्या दिवशी मोरीतला तो वेगळा कप तूच काढून धुऊन घरी घेऊन गेलीस.

माझा साखरपुडा झाला. तुला बोलावलं नाही. तू निरोप न मिळताही रुमाल पाठवलास, कडेला पांढरी फुलं भरलेला.

दिवाळीच्या आधीची ती दुपार. ब्लाऊजचा ढीग पडलेला. तू आलीस, बारीक झालेलीस, ओढणी तोंडावर घट्ट. बसली नाहीस. "लाला पुण्याला गेलाय," म्हणालीस. "एकदाच चल. शिरूरला. गोळ्या घेऊन येऊ. परत न्हाई मागणार."

"तुझ्या नावानं जा ना. गाडीत बसवून देते."

"माझ्या नावानं गेले तर आशाताई माझ्या दारात येतील. लालाच्या दारात. तुझ्या नावानं मी कुणीच नसते. बरं असतं ते."

"माझा साखरपुडा झालाय," मी म्हटलं.

तू हसलीस. ते हसू मला रोज दिसतं. "मंग तर चांगलंच की. तुला आता नवं नाव भेटणार. जुनं मला दे."

मी म्हटलं, "असलं काही परत मागू नकोस." आणि मशीन चालू केलं. मशीनच्या आवाजात तुझं नाव घेता आलं असतं, तेही घेतलं नाही. तू पुढं वाकून माझ्या सुईखाली सरकणाऱ्या कापडावर बोट ठेवलंस. शिलाई वाकडी जात होती. आणि गेलीस.

मला काय झालं असतं? पुन्हा एकदा आशाताई आली असती, तिला सगळं खरं सांगता आलं असतं, तिनं तर उलट तुझ्याच घरी गोळ्यांची सोय केली असती. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. मी शिकलेली आहे. लाला तुझं नाव घेत नव्हता म्हणून मी त्याला हसले, आणि माझं नाव मी असं धरून बसले, जसं काही कुणी ते पळवून नेणार होतं. पुढच्या उन्हाळ्यात जे मी स्वतःच्या हातानं टाकणार होते ते.

पुढचं तुला माहीत आहे, पण एक गोष्ट कदाचित तुला नीट ऐकू आली नसेल, म्हणून सांगते. त्या दिवशी तू रक्त ओकलीस आणि लालानं तुला उचलून रिक्षात घातलं. मी मागून धावत आले. दौंडचंच हॉस्पिटल, जिथं सगळे ओळखतात. व्हरांड्यात ऊसतोडीची माणसं होती, रिक्षावाले होते, रोज नान नेणारी स्टेशनवरची मंडळी होती. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "पेशंटचं नाव?" मला वाटलं, लाला माझ्याकडं बघेल. त्यानं बघितलं असतं तर मी काय केलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही. त्यानं बघितलंच नाही. फरशीकडंही नाही बघितलं. मान ताठ केली आणि म्हणाला, "झरमीना."

"काय?"

"झरमीना," लाला मोठ्यानं म्हणाला. सगळा व्हरांडा वळून बघायला लागला. "झरमीना. मेरी बहन. झरमीना."

तू स्ट्रेचरवर होतीस. तुझे डोळे त्याच्याकडं वळलेले मी बघितले. ऐकलंस ना?

दुसऱ्या दिवशी तू गेलीस. मोहल्ल्यातल्या बायका तुला आंघोळ घालायला आल्या, ओळख ना पाळख, पण मायेनं. त्यांनी मला आत बोलावलं. मी दारात उभी राहिले, तोंडाला ओढणी लावून. सगळ्यांना वाटलं रडतेय. मी रडतही होते, पण ओढणी त्यासाठी नव्हती.

नजीब रविवारी आला. जाकिटाचा खिसा उसवलेलाच होता, त्याला कुणी कळवलंच नव्हतं. लालानं त्याला तुझा शर्ट दिला. अर्धी छाती भरलेली, अर्धी कोरी, मधे सुई तशीच. मी म्हटलं, खिसा तरी शिवून देते. तो म्हणाला, "नहीं दीदी. रहने दीजिए." सुईसकट शर्ट घेऊन गेला. त्या दिवशी कळलं, त्याला टीबीचं आधीपासूनच सगळं माहीत होतं. खालानं सांगितलं होतं. तरी तो दर रविवारी येत होता आणि तू घरी बसून शिवत होतीस. तुमच्या दोघांपुढं आम्ही बाकीचे सगळेच इज्जतवाले किती खुजे निघालो.

झरमीना, तू मला काय काय देऊन गेलीस ते सांगायला बसले तर ते आभार मानण्यासारखं होईल, आणि आभार मानायचं तोंड मला नाही. टाचणीशिवाय दुमड कशी धरायची, गिऱ्हाइकाशी भांडताना आवाज कसा खाली ठेवायचा, हे माझ्या हातात आणि गळ्यात राहिलंय. लाला माझ्याशी पहिल्यासारखाच बोलतो. काल पहिलं नान त्यानं माझ्या दुकानात आणून ठेवलं. "खाओ, वैशाली बहन," म्हणाला. त्यानं माझं नाव घेतलं की मी कुठं बघावं ते मला कळत नाही.

हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, जे जवळ बसत होते त्यांनी तपासून घ्या. मला आठवडाभर कोरडा खोकला आहे. कापडाचं तूस असेल. पाटसला काही सांगितलेलं नाही, आईलाही नाही. आज सकाळी दुकान न उघडता मी एसटीत बसले आणि शिरूरला गेले, आपल्याच दवाखान्यात. तीच गर्दी, तीच बाकडी. कंपाउंडरनं ह्या वेळी मान वर केली आणि मला ओळखलं.

"अवो, तुम्ही त्या वैशालीताईंबरोबर यायच्या ना? कशा हायेत त्या? लई हसऱ्या. मधीच यायच्या बंद झाल्या, सर दोनदा विचारत व्हते."

मी म्हटलं, "तिचं नाव झरमीना." मोठ्यानं म्हटलं, लालासारखं. बाकड्यावरच्या सगळ्यांनी ऐकलं. "ती वारली."

कंपाउंडरनं वहीचं पान मागं उलटलं. पेन तसंच हातात. "झरमीना?" तो म्हणाला. "मग वैशाली कोण?"

मी फरशीकडं बघत उभी राहिले.

"सांगा की ताई," मागून कुणीतरी म्हणालं, "लाईन हाय मागं."